विमानाचा सिम्युलेटर अभ्यासिकेत ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की ‘मुले संगणकासमोरून हलत नाहीत’ अशी तक्रार करणारी पत्रे आपल्या सदरात येऊ लागतात. त्यातली बरीचशी मला पटतात. मी बत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले आहे. मुलांचे लक्ष कसे उडते ते वर्गात समोरून पाहिले आहे. पण पडद्यावर चाललेल्या प्रत्येक गोष्टीला ‘गेम’ म्हणून आपण मोकळे होतो, त्यात एका गोष्टीवर फार अन्याय होतो. ती म्हणजे घरच्या संगणकावर प्रवासी विमान चालवणे, अगदी खऱ्यासारखे. मी ६८ वर्षांची आहे आणि गेली चार वर्षे आठवड्यातून तीन संध्याकाळी एअरबस ए-३२० चालवते. म्हणून हे अधिकाराने लिहिते आहे.

मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर विमान चालवण्याचा कार्यक्रम, २०२० च्या ऑगस्टमध्ये नव्या रूपात आला. भाचा तेव्हा घरून काम करायला पुण्याहून आमच्याकडे नागपूरला सोमलवाड्यात आला होता. तो परत गेला आणि संगणक, जॉयस्टिक इथेच राहिले. ‘फ्लायबायवायर’ नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने या सिम्युलेटरसाठी ए-३२० निओ तयार करून मोफत दिले आहे. मी तेच वापरते.

ज्यांनी हे कधी पाहिले नाही त्यांना वाटते की बटण दाबले, विमान उडाले. तसे नाही. विमान बंद, अंधारे उभे असते. आधी डोक्यावरच्या पॅनेलवरच्या दोन बॅटऱ्या, मग बाहेरून वीज. मग दिशादर्शन यंत्रणेचे तीन खटके ‘नॅव्ह’वर फिरवायचे आणि थांबायचे. या काही मिनिटांत विमान जागेवर उभे राहून पृथ्वीचे फिरणे मोजते आणि त्यावरून उत्तर दिशा कुठे आहे ते ठरवते. तेवढ्यात विमान हलले तर मोजणी बिघडते. पुष्कळ जण ही मिनिटे एका क्लिकने उडवून लावतात. मी लावत नाही. पृथ्वी फिरते हे मी मुलांना किती वर्षे सांगितले, पण ते फिरणे एखादे यंत्र उभ्या उभ्या हेरते आणि आपण त्याच्यासाठी थांबतो, हा अनुभव मला निवृत्तीनंतर मिळाला.

मग मार्ग भरायचा. नागपूरचे चार अक्षरी नाव व्हीएएनपी, मुंबईचे व्हीएबीबी. प्रवासी किती, सामान किती, इंधन किती. इंधन मुंबईपुरते धरून चालत नाही. मुंबईत उतरता आले नाही तर अहमदाबाद गाठता यावे इतके, आणि तिथेही अर्धा तास घिरट्या घालता याव्यात इतके लागते. हा हिशेब चुकला तर तो नंतर कधीतरी, ढगात असताना, समोर येतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते. पहिल्या महिन्यात मी मुंबईहून नागपूरला येताना फार उशिरा उतरायला सुरुवात केली. आपली धावपट्टी १४/३२ आहे, म्हणजे तिच्या दोन टोकांचे हे दोन क्रमांक. ३२ वर उतरायचे तर विमान आग्नेयेकडून, उमरेडच्या बाजूने येते. उमरेडजवळ पोहोचले तेव्हा मी अजून १३ हजार फुटांवर होते आणि धावपट्टी जेमतेम २१ समुद्री मैल राहिली होती. नाक खाली केले तर वेग वाढे, वेग आवरला तर उंची हटेना. शेवटी उतरणे सोडून पुन्हा वर जावे लागले. रात्री झोप लागली नाही. उठून कागद घेतला.

विमान ३ अंशांच्या कोनात उतरते. टॅन ३ अंश म्हणजे ०.०५२४. एक समुद्री मैल ६,०७६ फुटांचा. गुणाकार केला की ३१८ फूट. म्हणजे दर मैलाला सुमारे ३१८ फूट उतरायचे, किंवा दर हजार फुटांना तीन मैलांहून थोडे जास्त अंतर हवे. धावपट्टीच हजार फूट उंचीवर असल्याने मला त्या क्षणी १२ हजार फूट उतरायचे होते, त्याला जवळजवळ ३८ मैल हवे होते आणि हातात २१ होते. हे गणित जमणारच नव्हते. ३५ हजार फुटांवरून येत असाल तर उतार शंभराहून जास्त मैल आधी धरावा लागतो, वेग कमी करायला आणखी दहाएक मैल. वैमानिक हे ‘हजारांतल्या उंचीच्या तिप्पट मैल’ असे तोंडी करतात. शेवटच्या टप्प्यात आणखी एक सोपा हिशेब: जमिनीच्या मानाने विमानाचा वेग पाचने गुणायचा. १४० नॉट, म्हणजे तासाला १४० समुद्री मैल असेल तर मिनिटाला ७०० फूट उतरायचे.

शेजारचा दहावीतला मुलगा संध्याकाळी बघायला येतो. मी कागद त्याच्यासमोर ठेवला. तो म्हणाला, “आजी, हे तर आमच्या धड्यातलं आहे ना! दीपस्तंभ अन् जहाजवालं.” होय, तेच. ‘बाई, त्रिकोणमिती पुढे कुठे लागते?’ हा प्रश्न मला दर वर्षी विचारला गेला आणि मी दर वर्षी दीपस्तंभ, मनोरा आणि झाडाची सावली सांगत आले. मुले मान डोलवायची, पटत कुणालाच नव्हते. या मुलाने पुढच्या रविवारी उताराची सुरुवात स्वतः काढली आणि विमान ३२ च्या रेषेवर आणून ठेवले. वीस फुटांवर विमान ‘रिटार्ड, रिटार्ड’ म्हणते, म्हणजे थ्रॉटल (इंजिनांचा जोर ठरवणारा दांडा) मागे घ्या. त्याने घेतले. चाके टेकली तेव्हा त्याचा हात थरथरत होता. वर्गात गणिताने कुणाचा हात थरथरलेला मी तरी पाहिला नाही.

आणखी एक गोष्ट नागपूरकरांनीच समजून घ्यावी अशी. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार फुटांवर आहे. त्या उंचीला प्रमाण तापमान १३ अंश धरतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४५ होते, म्हणजे ३२ अंश जास्त. प्रत्येक अंशामागे साधारण १२० फूट धरले तर विमानाच्या दृष्टीने हवा जवळजवळ पाच हजार फुटांवरच्या इतकी विरळ होते. आपण सोनेगावच्या या विमानतळावर उभे असतो, पण पंखांना वाटते की आपण चिखलदऱ्याहूनही उंचावर आहोत. त्याच विमानात, त्याच वजनाने, डिसेंबरच्या पहाटे आणि मेच्या दुपारी उड्डाण करून पाहा. दुपारी धाव लांबते आणि विमान चढायला आळस करते. कूलरसमोर बसून मी हे दोन्ही एकामागोमाग करून पाहिले आहे. आपल्या उन्हाचा असा धडा कुठल्याही पुस्तकात मला सापडला नव्हता.

‘व्हॅटसिम’ म्हणून २००१ पासून चालू असलेले एक मोफत जाळे आहे. त्यात हौशी माणसे वैमानिक होतात, हौशी माणसेच नियंत्रक होतात आणि खऱ्या पद्धतीने बोलतात. नियंत्रकाने दिलेली उंची शब्दशः परत म्हणून दाखवायची, हा पहिला नियम. मी सहा महिने नुसती ऐकत होते. इंग्रजीत चूक होईल अशी भीती वाटे. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर दोन विमाने आकाशात धडकली आणि ३४९ माणसे गेली. एका विमानाला १५ हजार फूट सांगितले होते आणि ते त्याच्या खाली आले होते. ही बातमी मी तेव्हा शिक्षकांच्या खोलीत वाचली होती. आज ‘फिफ्टीन थाउजंड’ परत म्हणताना मला ती आठवते आणि मी आकडा घाईत म्हणत नाही.

माझे वडील टपाल खात्यात होते. १९४९ मध्ये तेव्हाचे दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांच्या काळात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, चारही दिशांची विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला येत, थैल्या बदलत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत पोहोचत. अमेरिकेत मेम्फिसला फेडेक्सने अशीच पद्धत १९७३ मध्ये चालू केली, त्याच्या चोवीस वर्षे आधी ती नागपूरला चालत होती. वडील त्या थैल्यांच्या नोंदी ठेवत. पहाटे सायकलवरून घरी येत तेव्हा त्यांच्या बाहीला लाखेचा वास येई. ते सांगायचे की मुंबईच्या विमानाचा आवाज आधी यायचा, दिवा नंतर दिसायचा. मागच्या दिवाळीत मी सिम्युलेटरमधला जुना डाकोटा घेऊन मुंबईहून रात्री निघाले. त्यात आजचे पडदे नाहीत, मार्ग काढून देणारा संगणक नाही. सुया आणि घड्याळ. अडीच तास लागले. वर्धा मागे गेल्यावर नागपूरचे दिवे दिसले तेव्हा मी इंजिनांचा आवाज वाढवला आणि खिडकी उघडून बसले.

हे सगळे सांगताना एक गोष्ट स्पष्ट करते. घरच्या सिम्युलेटरवर माणूस वैमानिक होत नाही. खुर्ची हलत नाही, पोटात गोळा येत नाही, वाऱ्याचा धक्का हाताला कळत नाही. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते आणि घरच्या संगणकावरचा एकही तास त्यात धरला जात नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाकडून शहरातल्या एका शिकवणीने मोठी रक्कम घेतली आणि मुलाला साध्या संगणकावर बसवून ‘हे तास पुढे मोजले जातील’ असे सांगितले. मुलाच्या आईने त्यासाठी सोने मोडले. पालकांनी पैसे भरण्याआधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम स्वतः वाचावेत. मुलाला विमानाचे वेड असेल तर त्याला शिकायला लाखो रुपये लागत नाहीत, आणि ज्याला लाखो लागतात ते शिक्षण वेगळे आहे.

म्हणून माझी मागणी एवढीच. शहरातल्या महापालिकेच्या वाचनालयांत आणि अभ्यासिकांत एकेक संगणक यासाठी ठेवावा. रामन विज्ञान केंद्रात मुले तारांगण पाहायला रांगा लावतात, तिथेही असा एक कोपरा शोभेल. महागडे काही लागत नाही. ‘फ्लाइटगियर’ हा सिम्युलेटर पूर्ण मोफत आहे, जुन्या संगणकावरही बऱ्यापैकी चालतो. एक जॉयस्टिक आणि हेडफोन घेतले की झाले. शेजारी एक वही हवी. त्यात प्रत्येक मुलाने उडण्याआधी इंधन आणि उतार यांचा हिशेब हाताने मांडायचा, आणि हिशेब बरोबर असेल तरच बसायचे.

शिकवायला माणूस नाही असे कुणी म्हणेल. मंगळवारी आणि शनिवारी सकाळी आठ ते अकरा मी मोकळी असते. वर्धा रोड, खामला, प्रतापनगर या भागातली कुठलीही अभ्यासिका चालेल. माझी जॉयस्टिक मी घेऊन येईन. ज्या अभ्यासिकेला हे करून पाहायचे असेल तिने आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयात निरोप ठेवावा आणि आपण तो माझ्यापर्यंत पोहोचवावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षिका
सोमलवाडा, नागपूर