दगडफुलाची मोजदाद कोण करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पक्षी सप्ताहानिमित्त राधानगरी-दाजीपूरच्या पक्ष्यांवर आपल्या पुरवणीत आलेला मजकूर आवडला. शीळकरी कस्तुराचा फोटो तर एक नंबर! त्या फोटोत पक्ष्यामागच्या खोडावर राखाडी पापुद्रे दिसतात. ते दगडफूल, म्हणजे लायकेन. त्याच्याविषयी मात्र चकार शब्द नाही.

कस्तुराचे बरे चालले आहे. पूर्वी तो थ्रशांच्या कुळात होता, आता माशीमारांच्या कुळात गेला. पक्षीप्रेमींनी लगेच वह्या दुरुस्त केल्या. कोणत्या जीवजातीला किती धोका आहे हे नोंदवणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत त्याची फारशी चिंता नाही असा शेरा आहे. जगातल्या सुमारे ११ हजार पक्षीजातींपैकी जवळजवळ सगळ्यांची अशी तपासणी झाली आहे.

दगडफुलाचे प्रकरण गुंतागुंतीचे. ते एकटा जीव नव्हेच. शेवाळ अन्न तयार करते, बुरशी त्याला आसरा देते. श्वेन्डेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात हे मांडले, तेव्हा दगडफुलांच्या अभ्यासकांनीच त्याला वेड्यात काढले. आजही शास्त्रीय नाव बुरशीचेच लागते; राबते शेवाळ आणि सातबारा बुरशीच्या नावे! जगात वीसेक हजार जाती असतील, पण लाल यादीत पहिल्या दोन आल्या त्या २००३ मध्ये. आजही बहुतेक जाती तपासणीविनाच आहेत. तपासलेच नाही, म्हणून धोका नाही असे कसे म्हणायचे?

आणि आपण तर ते खातो. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात मसाल्याचे दगडफूल किलोवर मिळते. मूठभर हातात घेऊन पाहा: वरून राखाडी, खालून काळे, कडा मुडपलेल्या, मध्येच सालीचे तुकडे आणि चारदोन वेगळ्याच जातीही. तेलात पडल्याशिवाय वास सुटत नाही. चटणी कांडपाला न्यायच्या आधी घरोघरी ते भाजले जाते, पण कुठल्या रानातून खरवडून आले हे दुकानदारालाही ठाऊक नसते. बहुतेक जाती वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात.

जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्याखाली गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या आहेत. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीतल्या गावांनी त्यांत दगडफूल कोणत्या झाडांवर आहे, कोण काढते, किती काढते एवढे तरी लिहावे. जाती ओळखायला पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे. आणि पुढच्या पुरवणीत आपण अर्धे पान द्यावे. फोटो काढायला पहाटे उठायचीही गरज नाही, ते उडून जात नाही.

– एक वाचक, कोल्हापूर