पहिली ४ पत्रं गाळू नका

संपादक महोदय,

इंदुरातल्या वाचक गटांनी मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाईन’ (१८१८) ही कादंबरी वाचायला घेतली, तर सुरुवातीची ४ पत्रं कंटाळवाणी म्हणून गाळू नयेत. घोळ तिथेच होतो. दुसऱ्याच पत्रात वॉल्टन, म्हणजे ही पत्रं लिहिणारा दर्यावर्दी, बहिणीला कळवतो : जहाज ठरलं, खलाशी जमताहेत, मित्र तेवढा नाही. हे सुटलं की १६व्या प्रकरणाच्या शेवटी राक्षस आपल्याला घडवणाऱ्या फ्रँकेन्स्टाईनकडे जोडीदारीण मागतो, ती नुसती धमकी वाटते. सोबतीची भूक दोघांची एकच!

११ ते १५ ही प्रकरणं मात्र सावकाश, मोठ्याने वाचा. फटीतून राक्षस परक्या कुटुंबाला न्याहाळतो, रात्री गुपचूप त्यांच्यासाठी लाकूडफाटा आणून ठेवतो आणि घरात पाऊल टाकतो ते आंधळा म्हातारा एकटा असताना. (प्रकरणांचे आकडे १८३१च्या आवृत्तीचे, मूळ तीन खंडांत ते जुळणार नाहीत.)

— एक वाचक, इंदूर