चिठ्ठीवर दोन नावे लिहिणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

कोरेगाव तालुक्यातील आमच्या गावच्या उपकेंद्रात तुमच्यासमोर बसून मी रडले, त्याला आता तीन महिने होतील. त्या दिवशी तोंडातून शब्द फुटत नव्हता, म्हणून आभार मानायचे राहून गेले. आज ते चारचौघांसमोर मानते आहे, कारण मला दोष दिला गेला तोही चारचौघांसमोरच.

लग्नानंतर चार वर्षे मी गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या. माझे बी.एड. पूर्ण व्हावे आणि यांची नोकरी कायम व्हावी, मगच मूल, असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले होते. पण गोळ्या बंद करून आठ महिने झाले तरी दिवस राहिले नाहीत, तेव्हा या निर्णयात यांचाही वाटा होता याची कोणालाच आठवण राहिली नाही. ‘गोळ्या खाऊन पिशवी खराब करून घेतली,’ हे मी सासरी ऐकले, माहेरी ऐकले आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण घेतानाही ऐकले. माझ्या जाऊबाईंनी पूर्वी तीन महिन्यांचे इंजेक्शन घेतले होते व ते थांबवल्यावर त्यांची पाळी बरेच महिने लांबली होती. तोच अनुभव सगळ्यांनी माझ्या गोळ्यांना चिकटवून टाकला. साताऱ्यातील एका दवाखान्यात तर दोन तास ताटकळल्यावर डॉक्टरांनी मान वर न करताच, ‘चार वर्षे घेतल्यात, अंगातून जायला वेळ लागणारच,’ असे सांगितले आणि माझ्या एकटीच्या तपासण्यांची यादी हातात ठेवली. घरच्यांचे बोलणे मी अज्ञान म्हणून सोडून देऊ शकले, परंतु शिकलेल्या माणसाचे ते वाक्य मला रात्र रात्र झोपू देत नव्हते, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजूनही गेलेला नाही.

तुमच्याकडे मी आले होते ती सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिले, दार लोटून घेतले आणि विचारले, ‘लग्नाआधी तुझी पाळी महिन्याच्या महिन्याला येत होती का गं?’ आठ महिन्यांत हा प्रश्न मला एकानेही विचारला नव्हता. कॉलेजात असताना ती कधी 40, कधी 45 दिवसांनी येत असे. गोळ्यांवर असताना ठरल्या दिवशी येणारी पाळी ही गोळ्यांमुळेच येते, आणि मूळची अनियमितता तिच्याआड झाकली जाते, हे तुम्ही मला सांगितले. गोळ्या थांबवल्यावर त्यांतील संप्रेरके थोड्याच दिवसांत शरीराबाहेर जातात, बहुतेकींचे बीज एक ते तीन महिन्यांत पुन्हा वेळेवर तयार होऊ लागते, आणि इंजेक्शनची गोष्ट याहून निराळी आहे, हेही समजावलेत. मग भिंतीवरचे कालनिर्णय काढून समोर ठेवलेत. मी ज्या चौदाव्या दिवसावर भरवसा ठेवून बसले होते, तो 28 दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा हिशेब होता. बीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या 14 दिवस आधी सुटते, म्हणजे माझ्या बाबतीत ते सव्विसाव्या ते एकतिसाव्या दिवसाच्या आसपास. दर वेळी मी निदान बारा दिवस आधीच आशा लावून बसत होते आणि नंतर स्वतःला दोष देत होते.

तरीही मी हे पत्र लिहिते आहे ते या माहितीसाठी नाही. हे त्या वेळी बाहेर कडुनिंबाखाली गाडीवर बसून होते. बायकांच्या कामात आपण कशाला, म्हणून आत आले नव्हते. तुम्ही स्वतः उठून बाहेर गेलात आणि ‘या ना आत, उन्हात कशाला थांबलात?’ असे म्हणून त्यांना घेऊन आलात. स्टुलावरचा लसींचा निळा डबा उचलून खाली ठेवलात, त्यांना तिथे बसवलेत आणि साताऱ्याच्या तपासणीसाठी चिठ्ठी लिहायला घेतलीत. मी समोरून उलट्या बाजूने ती अक्षरे वाचत होते. पहिल्या ओळीत यांचे नाव होते, त्याखाली माझे. ‘मूल दोघांचे, तर तपासणीही दोघांची, आणि तुमची तर जास्त सोपी आहे,’ असे तुम्ही अगदी सहज म्हणालात. यांनी ती चिठ्ठी माझ्याकडे न देता घडी घालून स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवली. त्या रात्री जेवताना, मी काहीही न सांगता, हे सासूबाईंना म्हणाले, ‘गोळ्यांचे आम्ही दोघांनी ठरवले होते.’

यांचा अहवाल चांगला आला, आणि माझ्या थायरॉईडमध्ये दोष निघाला. म्हणजे शेवटी कमतरता माझ्यातच सापडली, पण तिचा गोळ्यांशी काही संबंध नव्हता, आणि घरातील एकाही माणसाने ती मला टोचून दाखवली नाही. अहवाल आणायला दोघे गेलो होतो, म्हणून तो अहवालही दोघांचाच झाला. आता औषध सुरू आहे आणि पाळी 34 दिवसांवर आली आहे. दिवस अजून राहिलेले नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पेढे वाटण्याची वेळ आली तरच आभार मानावेत असे मला वाटत नाही. वस्तीवस्तीवर लसींचा डबा खांद्याला लावून चालत जाणाऱ्या तुमच्यासारख्या सिस्टर रजिस्टरांचे किती रकाने भरत असतात; माझ्यासाठी दिलेली ती वीस मिनिटे त्यातल्या कोणत्याही रकान्यात बसणारी नव्हती, आणि तरीही तुम्ही ती दिलीत.

दिवस राहण्याआधीपासूनच घ्यायच्या म्हणून तुम्ही दिलेल्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आता संपत आल्या आहेत. येत्या मंगळवारी आम्ही दोघे उपकेंद्रात येतो आहोत. यांनी त्या दिवसाची रजा स्वतःहून टाकली आहे.

तुमची कृतज्ञ,
कोरेगाव तालुक्यातील एक भगिनी