चाकरमानी म्हणून जा

भांडुप, मुंबई

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

गौरी-गणपतींचं विसर्जन झालं त्या रात्री गावच्या पडवीत जेवताना तू म्हणालीस, "बाबा, मंगळावर कायमचं राहायला जाणारी पहिली तुकडी निघाली आणि मला विचारलं, तर मी परतीचं तिकीट मागणार नाही." आई उठून आत गेली. मी भात कालवत बसलो. माणसानं तिकडे वस्ती करावी की नाही, तुला काय वाटतं, असं तू दोनदा विचारलंस आणि मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी तू निघून गेलीस. मला बोलायला वेळ लागतो हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तीन आठवडे त्याचाच विचार केला, तू ठेवून गेलेले कागद वाचले, वाचनालयातून काही आणलं. आता लिहितो.

मी शिकलेला माणूस नाही, पण 31 वर्षं पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला होतो. त्यामुळे एक गोष्ट मला तुझ्या प्राध्यापकांपेक्षाही जवळून माहीत आहे: माणसाचं जगणं पाइपातून येतं तेव्हा काय होतं.

तू लहानपणी एकदा हट्ट करून माझ्याबरोबर पहाटेच्या पाळीला आली होतीस, आठवतं? आकडा घालून रस्त्यावरचं बिडाचं झाकण उचललं, चावी व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवली आणि तुला फेरे मोजायला सांगितले. बावीस फेरे. घाई करायची नाही, कारण व्हॉल्व्ह एकदम उघडला तर पाण्याचा दणका बसून जुना पाइप फुटतो. आधी हवा निघते, फुसफुस ऐकू येते. मग पाणी आल्याचं चावीच्या दांड्यातून तळव्याला कळतं. मी तुझा हात दांड्यावर ठेवला होता. वर चाळीत कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं!" आणि तू माझ्याकडे असं पाहिलंस जणू ते पाणी मीच तयार केलं होतं.

पण या शहरात पाणी कुणीच तयार करत नाही, सायली. ते आभाळातून पडतं. विहार 1860चा, तुळशी 1879चा, तानसा 1892चा, मग मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा, आणि 2014चं मध्य वैतरणा. त्या सात तलावांत पावसाळाभर साठतं आणि दूरच्या तलावांतून शंभर किलोमीटरवरून बहुतेक उतारानंच इथपर्यंत येतं. रोजचं साधारण 385 कोटी लिटर. एवढे इंजिनियर, एवढी माणसं राबतात ती फक्त ते साठवायला, गाळायला आणि वळवायला. मूळ माल फुकटचा आहे. तरीही सगळ्यांना सारखं पुरवताना आमची दमछाक व्हायची, आणि टेकडीवरच्या शेवटच्या घरातल्या बायका अर्धी बादली भरून थांबायच्या.

तिकडे पाऊस नाही. हवासुद्धा नाही म्हटल्यासारखीच, आपल्या एक टक्क्याहून कमी दाबाची, आणि तीही 95 टक्के कार्बन डायऑक्साइड. त्या हवेतून प्राणवायू काढता येतो हे नासाच्या, मंगळावर फिरणाऱ्या पर्सिव्हिअरन्स गाडीवरच्या मॉक्सी नावाच्या डब्यानं दाखवलं, ते वाचून मला मनापासून आनंद झाला. 2021 ते 2023 या काळात तो सोळा वेळा चालला आणि सगळा मिळून 122 ग्रॅम प्राणवायू निघाला. माणसाला एका दिवसाला आठशे ग्रॅमच्या वर लागतो. हा आकडा हिणवायला लिहीत नाही, आपला तानसाही एका दिवसात बांधून झाला नव्हता. पण तिथे प्रत्येक श्वास कुठल्या तरी यंत्रातून, कुठल्या तरी पाइपातून येणार. आणि पाइप आला की व्हॉल्व्ह आला. व्हॉल्व्ह आला की चावीवाला आला.

आता तुला कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगतो. तुझ्या जन्माच्या आधीची. एका उन्हाळ्यात टँकरचा धंदा करणारा एक माणूस आपल्या जुन्या खोलीवर आला. चहा घेतला आणि पाकीट काढून पाटावर ठेवलं. वरच्या वस्तीचा व्हॉल्व्ह रोज चार फेरे कमी उघड, एवढंच म्हणाला. "पाणी बंद होणार नाही. फक्त टेकडीवर चढणार नाही. कोणाला कळणारही नाही." मी पाकीट परत त्याच्या हातात दिलं. आई दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. चार फेऱ्यांनी तीनशे घरं एका माणसाच्या मुठीत जातात, हे मला त्या दिवशी लख्ख दिसलं. आणि ती मूठ माझी होती.

तरी त्या वस्तीला वाटा होत्या. खालच्या नळावरून हंडे आणता आले असते. वॉर्ड ऑफिसवर मोर्चा नेता आला असता. अगदीच नाही तर बिऱ्हाड हलवता आलं असतं. मंगळावरच्या वस्तीनं मोर्चा कुठे न्यायचा? दाराबाहेर पाऊल टाकायचं तर पोशाख लागतो, आणि त्या पोशाखातली हवाही त्याच व्हॉल्व्हमागून येते. रॉकेट कंपनीवाले एलॉन मस्क मंगळावर दहा लाख लोकांच्या शहराची भाषा करतात. त्या शहराचा पगार देणारा, घर देणारा आणि हवा देणारा एकच असेल, तर तिथल्या माणसाला 'नाही' म्हणता येईल का? 1967च्या आंतरराष्ट्रीय अंतराळ करारानं कोणत्याही देशाला मंगळावर मालकी सांगता येत नाही, आपला देशही त्या करारात आहे. चांगलंच आहे. पण जमिनीची मालकी आणि चावीची मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या करारात चावीबद्दल ओळ नाही.

तू म्हणशील, यंत्रं चालवेल कोण तर आम्हीच, माणसं चांगली निवडू. मान्य. मग अ‍ॅरिझोनातल्या बायोस्फिअर टूचं काय झालं ते पुन्हा वाच. 1991 साली आठ माणसं दोन वर्षांसाठी काचेच्या बंद इमारतीत राहायला गेली. आत शेत, झाडं, छोटा समुद्रसुद्धा. सगळं विचारपूर्वक केलेलं. आणि हवेतला प्राणवायू 20.9 टक्क्यांवरून साडेचौदापर्यंत घसरला. सुपीक मातीतले जिवाणू तो खात होते, आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड भिंतींचं काँक्रीट शोषून घेत होतं, म्हणून तो झाडांपर्यंत पोचतच नव्हता. काँक्रीट! मी आयुष्यभर काँक्रीटच्या चेंबरमध्ये उतरलो, पण भिंत अशी हवा पिते हे माझ्या डोक्यात कधी आलं नसतं. त्यांच्याही आलं नाही. शेवटी बाहेरून प्राणवायू भरावा लागला, कारण बाहेर पृथ्वी होती.

24 सप्टेंबर 2014ची सकाळ आठवते? मी रात्रपाळी करून आलो तेव्हा तू गणवेश घालून टीव्हीसमोर बसली होतीस आणि उठायला तयार नव्हतीस. मंगळयान कक्षेत शिरत होतं. शाळा बुडाली, मीच बुडवू दिली. तिकडून निघालेला निरोप इकडे पोचायला बारा मिनिटं लागतात, म्हणून सगळ्या आज्ञा आधीच यानाला देऊन ठेवल्या होत्या. तू विचारलंस, "बाबा, म्हणजे मधल्या बारा मिनिटांत काय झालं ते कुणालाच माहीत नसतं?" मग टाळ्या वाजल्या आणि तू कॉटवर उभी राहून नाचलीस. साडेचारशे कोटी रुपयांत आपल्या लोकांनी पहिल्याच प्रयत्नात ते करून दाखवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तू तेव्हाच ठरवलंस ना, काय शिकायचं ते? मी त्या दिवशी पाहिलं होतं तुझ्या तोंडाकडे. म्हणून 'जाऊ नकोस' हा शब्द या पत्रात कुठेही येणार नाही.

पण त्या मधल्या बारा मिनिटांचा मी अजून विचार करतो. दोन्ही ग्रह दूर असले की ती बावीस होतात. आणि मदत पाठवायची तर सव्वीस महिन्यांतून एकदा योग येतो, त्यानंतरही प्रवास सात-आठ महिन्यांचा.

आम्ही गळती शोधायचो ती रात्री, रस्ता शांत झाल्यावर. लोखंडी सळई पाइपवर टेकवायची, दुसरं टोक कानाला. गळतीचा आवाज बारीक असतो, शिट्टी आणि श्वास यांच्या मधला. 2020 साली अंतराळ स्थानकावर हवा गळत होती, तेव्हा तिथल्या अंतराळवीरांनी चहाच्या पिशवीतली पत्ती हवेत सोडली आणि ती ज्या फटीकडे तरंगत गेली ती फट पकडली. हे वाचून मी आईला हाक मारून सांगितलं. आपल्याच जातीची माणसं ती! पण बघ, त्या स्थानकाला परतीचं यान कायम जोडलेलं असतं. खालची पृथ्वी काही तासांवर असते. म्हणून तिथे माणूस शांतपणे चहापत्ती सोडून वाट पाहू शकतो.

पृथ्वीवर संकट आलं तर माणूसजात शिल्लक राहावी म्हणून दुसरं घर हवं, हा तुझा मुद्दा मी टाळत नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी अशनी पडला आणि डायनोसॉर संपले, खरं आहे. पण त्या दिवसानंतरही इथे श्वास घेता येत होता, समुद्र होता, आपले उंदराएवढे पूर्वज बिळांत तगले. इथला सर्वांत वाईट दिवस तिथल्या सर्वांत चांगल्या दिवसापेक्षा राहण्याजोगा असेल. शहापूर तालुक्यातून आपलं पाणी येतं, आणि तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. मी तानसाच्या पाइपलाइनवर काम करताना त्या पाड्यांवरच्या बायका डोळ्यांनी पाहिल्या आहेत, आमच्या पाइपाच्या कडेनं रिकामे हंडे घेऊन चालणाऱ्या. शेवटच्या घरापर्यंत पाणी कसं न्यायचं हे आपल्याला अजून नीट आलेलं नाही.

मग काय करावं? तुझे आजोबा संगमेश्वरहून लालबागला आले तेव्हा गावमंडळाच्या खोलीत राहिले. पाळ्या लावून झोपायचे, एक उठला की दुसरा त्याच वळकटीवर. गिरणीत राबायचे, मनीऑर्डर पाठवायचे, गणपतीला आणि शिमग्याला गावी जायचे. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला, भोंगे थांबले, घरात पगार येईना. मी सोळा वर्षांचा होतो. आजोबांनी आम्हा सगळ्यांना एसटीत बसवून गावी नेलं. भात होता, नाचणी होती, परसातला फणस होता. दीड वर्ष आम्ही त्यावर काढलं. गिरणीत सगळं आयुष्य दिलेला तो माणूस, पण कोणी त्यांना 'मुंबईकर' म्हटलं की म्हणायचे, मी चाकरमानी. तो शब्द मला तेव्हा गरिबीचा वाटायचा. आता कळतं, पाठीशी गाव आहे एवढाच त्याचा अर्थ होता.

सायली, मंगळावर माणसानं चाकरमानी म्हणून जावं. अंटार्क्टिकात आपलं मैत्री केंद्र 1989पासून आहे, भारती 2012पासून. तुकडी जाते, हिवाळा काढते, पुढची तुकडी आली की परत फिरते. तिथे हवा फुकट आहे, पाणी पायाखाली गोठलेलं आहे, तरी कोणी शहर वसवलेलं नाही आणि कामही कुठे अडलेलं नाही. मंगळावर तसा तळ असू दे. तिथल्या मातीखाली एखादा जिवाणू असेल तर आपले जंतू त्यात मिसळण्याआधी तो शोधा. काम करा, शिका आणि परत या.

मूल मात्र तिथे जन्माला घालू नये. निदान तुझ्या-माझ्या हयातीत तरी नाही. तू सही करून जाशील, तुझ्या जिवाचा निर्णय तुझा. तिथे जन्मलेल्या मुलानं कशावर सही केलेली असेल? आपल्या 38 टक्के वजनात वाढलेली त्याची हाडं इथलं वजन पेलतील असं आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणजे त्याला गाव नाही. संप झाला तरी त्याला कुठल्या एसटीत बसवायचं?

एवढंच मला त्या रात्री म्हणायचं होतं. आईला आता बरं वाटतंय. तिनं तुझ्यासाठी कोकम आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलं आहे, कोणी येणारं असेल तर कळव.

तुझं काम मी जेवढं समजलो ते असं: तिथल्या मातीत परक्लोरेटचे क्षार आहेत, 2008 साली फिनिक्स यानाला सापडले, आणि बर्फ वितळवून घेतलेल्या पाण्यातून ते काढायचे. आम्ही क्लोरीन घालायचो, तू क्लोरीनचे क्षार काढतेस, एवढं माझ्या डोक्यात बसलं. तुझा आराखडा भिंग घेऊन पाहिला. त्यात चार व्हॉल्व्ह दिसतात आणि चारही कॉम्प्युटरवर चालणारे. वीज गेली तर ते हातानं फिरवता येतात का? किती फेऱ्यांचे आहेत? आणि चावी किती जणांकडे राहणार? तेवढं लिहून कळव.

तुझा,
बाबा