इमारती नव्या, वाहिन्या जुन्याच

महोदय,

गेली चाळीस वर्षे मी एकाच गल्लीत राहतो. येथील बैठी घरे पाडून उंच इमारती उभ्या राहिल्या, याबद्दल माझी तक्रार नाही. त्या घरांची गळकी छपरे आम्हीच सोसली आहेत. मात्र कुटुंबे अनेक पटींनी वाढूनही जलवाहिन्या व सांडपाण्याच्या वाहिन्या त्याच राहिल्या आणि अंगणांवर काँक्रीट पसरल्याने पूर्वी जमिनीत मुरणारे पावसाचे पाणी थेट रस्त्यावर येऊ लागले, याचा विचार परवानग्या देताना झालेला दिसत नाही. तळमजले वाहनांना दिल्यामुळे रस्त्याकडे पाहणाऱ्या खिडक्याही उरल्या नाहीत. खेळणाऱ्या मुलांवर शेजाऱ्यांचे सहज राहणारे लक्ष आता कॅमेऱ्यांवर सोपवले गेले आहे. यापुढे मंजुरीपूर्वी वाहिन्यांची क्षमता तपासून तो अहवाल रहिवाशांसाठी जाहीर करावा, ही विनंती.

— एक जुना रहिवासी