सायलेंट व्हॅलीच्या अभ्याससहलीसाठी मदतीचं आवाहन – यंदा पैशापायी एकही मूल मागं राहायला नको

सप्रेम नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाची यंदाची अभ्याससहल केरळातल्या सायलेंट व्हॅलीच्या वर्षावनात न्यायचं ठरलंय हे बहुतेकांना कळलंच असेल. आठवी ते दहावीची मुलं आहेत, यादी फायनल झाली, पालकांची संमतीपत्रंही आली, आणि तरी आज हे लिहायला बसावं लागतंय कारण यादीतल्या बऱ्याच मुलांच्या घरून पूर्ण वर्गणी येणं शक्यच नाही. त्या मुलांना वगळून जायचं नाही हे बैठकीत एकमतानं ठरलंय. तेव्हा हा मेसेज लांबलाय तरी शेवटपर्यंत वाचा, ही विनंती.

पैशाचं बोलण्याआधी ज्यांच्यामुळं इथवर आलो त्यांची आठवण काढणं मला गरजेचं वाटतं. आंबोलीच्या सहलीच्या वेळी पहिली पावती फाडली ती आपल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी, तीही पेन्शन झाली त्याच दिवशी, आणि वर ज्या पोरांकडं रेनकोट नव्हते त्यांचे रेनकोट स्वतः बाजारात जाऊन मापं बघून आणले, आणि नाव कुठं लिहायचं नाही अशी तंबी दिली म्हणून आजही लिहीत नाही, पण कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे. गाडीवाल्या दादांनी फक्त डिझेलचे पैसे घेतले. बचत गटाच्या ताईंनी रात्री जागून प्रत्येक मुलाला कापडी पिशवी शिवून दिली, त्या पिशव्या अजून पोरांच्या खांद्यावर दिसतात. डॉक्टर स्वतःची रजा टाकून बरोबर आले. आणि आपलाच एक माजी विद्यार्थी, नोकरीच्या पहिल्या पगारातून त्यानं मंडळाला दुर्बीण घेऊन दिली, ती दुर्बीण आजवर कितीतरी हातांतून गेलीय पण काचेवर एक ओरखडा नाही, इतकी जपतात मुलं ती.

त्या आंबोलीच्या सहलीत मुलांनी रात्री टॉर्च घेऊन कातळावर तो पिवळसर पट्ट्यांचा छोटा टोड (बेडकाचाच एक प्रकार) शोधला, जो आंबोलीचा परिसर सोडला तर जगात कुठंच सापडत नाही आणि ज्याची वेगळी जात म्हणून शास्त्रीय नोंद २००९ साली झाली. एकानंही हात लावला नाही, सगळे गुडघ्यावर बसून नुसते बघत होते. परत आल्यावर मुलांनी जे प्रदर्शन भरवलं ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलंय. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी तिथं पाहुण्यांना चार्ट समजावून सांगत होती, सर आणि बाई दोघंही बघत राहिले. आपल्या मंडळाचं काम काय असं कुणी विचारलं की मी तरी हेच सांगतो.

आता काही जण विचारतात, एवढ्या लांब कशाला, जंगल काय जवळ नाही का? आहे, आणि तिथं आपण जातोच. पण बाराही महिने हिरवं असणारं, उंचच उंच थरांचं वर्षावन भूगोलाच्या पुस्तकात चार ओळीत आणि एका आकृतीत संपतं. जगाच्या जमिनीच्या सहा-सात टक्के भागावरच अशी जंगलं उरलीत आणि जमिनीवरच्या निम्म्याहून जास्त जाती त्यांच्यातच राहतात असं मानतात, मुलं हे वाक्य पाठ करून मार्क मिळवतात. पण वर पानांचं छत इतकं दाट की खाली जमिनीवर उन्हाचे जेमतेम दोन टक्के पोचतात, हे तिथं उभं राहिल्याशिवाय कसं कळणार? आपण मोबाईलमधल्या प्रकाश मोजायच्या अ‍ॅपनं उघड्यावर आणि झाडांखाली मापं घेणार आहोत, हवेतला दमटपणा मोजायला शाळेच्या लॅबमधला ओल्या-कोरड्या फुग्याचा थर्मामीटर पण बरोबर असेल, वह्यांत तक्ते आखून तयार आहेत. आणि माझ्या मते सगळ्यात मोठा धडा मातीचा आहे. एवढं गर्द जंगल म्हणजे माती कसदार असणार असंच कुणालाही वाटतं, पण या जंगलांची माती बहुतेक ठिकाणी गरीब असते, कस सगळा झाडांत साठलेला, पान पडलं की बुरशी आणि वाळवी त्याला पटकन कुजवतात आणि वरवर पसरलेली मुळं तो कस लगेच परत ओढून घेतात, म्हणून तर झाडं तोडली की दोन-चार पावसांत जमीन धुऊन जाते आणि तसं जंगल पुन्हा उभं राहत नाही. शेतकऱ्यांच्या पोरांना हे सांगायला लागणार नाही, मूठभर माती हातात घेतली की तीच आपल्याला सांगतील.

सायलेंट व्हॅलीच का, तर तिची गोष्टच तशी आहे. तिथं सैरंध्रीला कुंतीपुळा नदीवर वीजप्रकल्पाचं धरण व्हायचं होतं, १९७३ साली योजना आयोगाची मंजुरीही मिळाली होती. त्या धरणाला विरोध करायला पुढं आले ते लोकांपर्यंत विज्ञान नेणाऱ्या केरळ शास्त्र साहित्य परिषदेतले शिक्षक, वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद यांच्यासारखे, कवयित्री सुगतकुमारी, आणि मग पक्षीतज्ज्ञ सलीम अलींसारखी मोठी माणसं. गावोगाव सभा घेतल्या, लेख लिहिले, सह्या गोळा केल्या, वर्षानुवर्षं. शेवटी प्रकल्प रद्द झाला, १९८४ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि १९८५ मध्ये पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते त्याचं रीतसर उद्घाटन झालं. आपलं मंडळ तरी काय आहे, शिक्षक आणि पालकच ना? मुलांना हे तिथंच, सैरंध्रीच्या मनोऱ्यावर उभं राहून सांगायचंय. तो मनोरा ३० मीटर उंच आहे, म्हणजे जे छत खालून बघितलं तेच वरून बघायला मिळतं. नशीब असेल तर सिंहपुच्छ वानर दिसेल, सह्याद्रीच्या दक्षिण भागातच राहणारा, सहसा जमिनीवर न उतरणारा, कलेनिया नावाच्या झाडाच्या फुलाफळांवर फार अवलंबून असलेला. मधली झाडं तुटली की त्याचा कळप एका तुकड्यात अडकून पडतो. नाही दिसला तरी मुलं फांद्यांवर थेट लगडलेली ती काटेरी फळं तरी बघून येतील.

आता थोडं मनातलं. मागच्या सहलीच्या वेळी असंच आवाहन केलं होतं. वाचलं सगळ्यांनी, अंगठे पण भरपूर आले, शुभेच्छा आल्या, वर्गणी मात्र नेहमीच्याच मोजक्या घरांतून आली. शेवटच्या आठवड्यात काही मुलांची नावं कमी करावी लागली, आणि त्यातली दोघं जण पहाटे मैत्रिणींना सोडायला स्टँडवर आली होती. कुणाला बोल लावत नाही, प्रत्येकाच्या अडचणी असतात, पण इतर कार्यक्रमांची वर्गणी एका संध्याकाळी जमते तेव्हा त्या दोघांची आठवण होते आणि वाईट वाटतं, एवढंच.

तर जमेल तेवढं द्या, रक्कम लहान म्हणून संकोच करू नका, दोघा-तिघांनी मिळून एका मुलाचा खर्च उचलला तरी चालेल. एका मुलाचा खर्च आणि पूर्ण हिशोब मंडळाच्या फलकावर लावलाय, पैसे फक्त खजिनदारांकडं किंवा मंडळाच्या खात्यात, पावती घेतल्याशिवाय कुणाकडंही देऊ नका. वस्तू पण चालतील – रेनकोट, टॉर्च, दुर्बीण (परत मिळेल), प्रथमोपचाराचं सामान, पातळ चादरी. बरोबर यायला एक डॉक्टर आणि दोन महिला पालक हवेत. प्रवास कोकण रेल्वेनं शोरनूर, तिथून गाडीनं मन्नारकाडवरून मुक्काली, पुढं आत वनखात्याच्या परवानगीनं त्यांच्याच जीपमधून गाईडसकट, जीप मोजक्याच असल्यानं आधी बुकिंग लागतं. जाणं जानेवारीत. रेल्वेचं रिझर्वेशन ६० दिवस आधी खुलं होतं आणि त्या दिवशी सकाळी पैसे हातात नसले तर एवढ्या मुलांची तिकिटं एकत्र मिळणार नाहीत, म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गणी पोचवा. नंतर देतो म्हणणाऱ्यांनी निदान नाव आणि रक्कम तरी आजच कळवा, म्हणजे यादी कमी करायची वेळ येणार नाही.

आपला,
सचिव

ता.क. – जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे जाड कापडी मोजे लागणार आहेत, बचत गटाच्या ताई शिवून द्यायला तयार आहेत, कापड कुणी दिलं तर फार बरं होईल. पालकांनी मुलांच्या पायांची मापं रविवारपर्यंत कळवावीत.