गच्चीवरचा ओटीपी

प्रिय आई, बाबा,

परवा आईच्या फोनवर बोलत होतो तेव्हा बाबा मधेच "थांब गं, ओटीपी आला का बघून येतो" म्हणून स्वतःचा फोन घेऊन गच्चीवर गेले, आणि आई म्हणाली की पाऊस लागल्यापासून हे रोजचंच झालंय, घरात रेंजची एकच काडी, ओटीपी येतो तो वेळ संपल्यावर, तोवर बाबांनी तीनदा रीसेंड दाबलेलं, मग तिन्ही एकदम येतात आणि त्यातला कुठला टाकायचा तेच कळत नाही. तेव्हा हसले मी. पण नंतर डोक्यातून जाईना, शेवाळलेल्या गच्चीवर बाबा जीमेल उघडायला चढतायत! फोनवर सांगितलं तर बाबा "बरं बरं" म्हणून सोडून देतात, म्हणून लिहूनच पाठवते.

तर जीमेलसाठी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर नावाचं अ‍ॅप लावू या. फुकट असतं. त्यात सहा आकडे दिसतात आणि दर ३० सेकंदांनी बदलतात, आणि मुख्य म्हणजे त्याला रेंज लागत नाही, डेटा पण लागत नाही. बाबा लगेच विचारणार की मग गूगलला कसं कळतं कुठला आकडा बरोबर. बाबा, तुमच्या डेपोत कसं, वेळापत्रक तुमच्याकडे पण आणि पुढच्या स्टँडवर पण, दोघांची घड्याळं बरोबर असली की गाडी कधीची ते फोन करून विचारावं लागत नाही. तसंच हे. सुरुवातीला एकदा क्यूआर कोड स्कॅन करताना एक गुप्त किल्ली अ‍ॅपमध्ये येते, तीच गूगलकडे असते, मग किल्ली आणि घड्याळ यावरून दोन्हीकडे तोच आकडा निघतो. वाटेत कोणी काही पाठवतच नाही. फक्त फोनमधली वेळ ऑटोमॅटिकवर ठेवा, ती दहा मिनिटं पुढे ठेवायची सवय भिंतीवरच्या घड्याळापुरती!

नुसत्या रेंजसाठी नाही सांगत हे. एसएमएस येतो तो तुमच्या नंबरवर, आणि नंबर असतो सिममध्ये. कोणी खोटी कागदपत्रं दाखवून तुमच्या नावाचं दुसरं सिम काढलं की तुमचं बंद पडतं आणि ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात. ट्विटर काढणाऱ्यांपैकी एक जॅक डॉर्सी, ऑगस्ट २०१९ मध्ये त्याचाच नंबर चोरांच्या हातात गेला आणि त्यांनी त्याच्याच अकाउंटवरून वाट्टेल ते लिहिलं. मुंबई-पुण्यात रेंज अचानक गेली तर माणूस दचकतो तरी, आपल्याकडे टॉवर गेला असेल म्हणून तुम्ही चहा टाकाल. बाबांनी सिम बदललं तेव्हा दिवसभर एसएमएस आला नाही म्हणून दुकानदारावर चिडले होते ना, ते याच्यासाठीच, नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस मुद्दाम बंद ठेवतात, म्हणजे खऱ्या मालकाला कळायला वेळ मिळतो.

बँकेचं मात्र आहे तसंच राहणार, तुमच्या बँकेचा ओटीपी एसएमएसनेच येतो, त्याला इलाज नाही. पण जीमेल आधी करायचं कारण बाकी सगळ्या अकाउंटचे पासवर्ड बदलायच्या लिंक तिथेच येतात. आणि अ‍ॅप लावलं की जीमेलच्या सेटिंगमधून एसएमएसचा पर्याय काढून टाकायचा, नाहीतर पुढच्या दाराला कुलूप आणि मागची पडवी उघडी.

आता अ‍ॅपचा तोटा. फोन हरवला किंवा पाण्यात पडला की आकडे पण गेले. एसएमएसचं बरं असतं, नवीन सिम घेतलं की एका दिवसाने परत सुरू. अ‍ॅपमधले आकडे गूगल अकाउंटमध्ये साठवता येतात, २०२३ पासून ती सोय आहे, पण जीमेलचीच किल्ली जीमेलमध्ये ठेवायची म्हणजे किल्ली घरात आणि दार बाहेरून ओढून घेतलं. त्यापेक्षा गूगल दहा बॅकअप कोड देतं, अ‍ॅप हाताशी नसलं तर त्यातल्या आकड्याऐवजी टाकायचे, प्रत्येक आठ आकडी, एकेक एकदाच चालतो. आई, ते तू वहीत लिही, तुझं अक्षर वाचता येतं, आणि एलआयसीच्या फायलीत ठेव. देवघराच्या खणात नको, तिथे बाबा उदबत्तीच्या पुड्यांबरोबर काय काय कोंबतात.

अजून एक, यावरून बाबांचं आणि माझं भांडण झालंय तरी परत लिहिते. अ‍ॅपमधला आकडा पण कोणाला वाचून दाखवायचा नाही. गोड बोलून "फक्त तेवढा नंबर सांगा काका" म्हणणाऱ्याला ३० सेकंद पुष्कळ झाले, आणि खोट्या वेबसाइटवर टाकलात तरी तेच. आणि कधी चुकून सांगून बसलात तर लपवू नका हो बाबा, आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग मला. मी ओरडणार नाही. म्हणजे नंतर ओरडेन.

गणपतीला येते तेव्हा दोघांच्या फोनमध्ये बसून करू, आईचा आधी, ती एकदा शिकली की बाबांना शिकवते. बाबा, तुम्ही नवीन फोन घ्यायचं म्हणत होता ना, घ्या, पण अ‍ॅप लावल्यावर घेणार असाल तर मी नव्यावर सगळं हलवेपर्यंत जुना कोणाला देऊ नका, दुकानात एक्सचेंजला पण नको, नाहीतर आकडे त्याच्याबरोबर जातील.

तोवर गच्चीवर जाताना चपला काढून जा.

तुमची,
छोटी